वन्संची सुट्टी

बोटीवरून, ४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पोचले एकदाची. तू पाय प्लास्टरमध्ये घालून दारात खुर्चीवर बसलेली आणि मी दोघींच्या सुट्टीला एकटीच निघालेली, हे चित्र आगगाडीत आठ तास माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. तुझ्या चिरंजीवाने आपल्या दोघींची तिकिटं काढली ती हौसेने. त्याला काय माहीत, आई आदल्या दिवशी जिन्यावरून घसरणार आहे म्हणून! एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये लोकांचे पाय बांधलेस आणि शेवटी स्वतःचाही बांधून घेतलास. पुन्हा सांगते, मी थांबले असते. पण तू ज्या आवाजात 'निघा आता' म्हणालीस, त्या आवाजापुढे तुझा नवरा कधी काही बोलला नाही, तिथे त्याची बहीण काय बोलणार?

बोटीचं म्हणशील तर ती म्हातारी आहे आणि चणीने लहान. धक्क्यावर शेजारी एक नवी अकरा मजली बोट उभी होती. तिच्यापुढे आमची म्हणजे बंगल्याच्या फाटकाशी असते ती पहारेकऱ्याची खोली. रंगावर रंग चढवून दारांच्या कडा गोल झाल्यात. गरम पाण्याचा नळ सोडला की भिंतीतून कोणीतरी हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. साठ खोल्या, प्रवासी नव्वदच्या आसपास, आणि त्यातले निम्मे माझ्यासारखे, कठड्याला धरून चालणारे. माझी खोली आवरायला येतात ते गृहस्थही माझ्याच वयाचे. मी त्यांच्याआधी उठून चादर नीट करून ठेवली, तर ते रागावले.

खोली सतरा नंबरची, खालच्या मजल्यावर. गोल खिडकी, दोन पलंग. तुझ्या पलंगावर मी बॅग ठेवली आहे.

जेवणाच्या टेबलावर माझ्याबरोबर दोन बहिणी आहेत. त्या विणकाम करतात आणि एकमेकींशीही बोलत नाहीत. चौथे एक निवृत्त मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून मी त्यांना मनात भूगोल मास्तर म्हणते. सूप येईपर्यंत त्यांनी मला तीन वारे आणि दोन प्रवाह समजावून सांगितले.

आणि ऐक, खोलीत टेलिफोन आहे. त्याला आकडे नाहीत. उचलला की बोटीच्या बोर्डावरची बाई बोलते आणि हवी ती लाइन जोडून देते. मी टॉवेल मागायला उचलला, तर बाई म्हणाली, "काय?" वहिनी, तेहेतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. समोरचा शिव्या देत असला तरी त्याला 'काय' म्हटलं नाही.

पाय उशीवर उंच ठेव. प्लास्टरच्या आत खाजलं तर विणायची सुई घालू नकोस. तूच लोकांना ओरडायचीस. जिना चढू नकोस. कुठल्या बंदरात आम्ही कधी पोचणार त्याचा कागद टेबलाच्या खणात आहे. बंदराच्या कचेरीच्या पत्त्यावर पत्र टाकलंस की मला मिळेल.

तुझी,
वन्सं


घरून, ९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र काल दुपारी आलं आणि घरात कोणीतरी आल्यासारखं वाटलं. पाय बरा आहे. म्हणजे मोडलेला पाय जितका बरा असावा तितका. उशीवर आहे, सुई घातलेली नाही, जिन्याचं नाव काढलेलं नाही. खालच्या घड्याळवाल्यांच्या सौ. दोन्ही वेळा डोकावून जातात. एकदा तर सूपही घेऊन आल्या. सूप कसं होतं ते विचारू नका, प्रेम बघा.

माझ्या पलंगावर बॅग ठेवलीत हे फार चांगलं केलंत. मी तिथे असते तर तुम्ही महिनाभर माझीच बॅग आवरत बसला असता. डोंगरावरच्या त्या हॉटेलात आपण गेलो होतो ते आठवतं? चार दिवसांत तुम्ही माझा चष्मा पाच वेळा शोधून दिलात, माझ्यासाठी थर्मास वाहिलात, माझं अंथरूण उन्हात घातलंत. परत आल्यावर मी तुम्हाला विचारलं की दरीपलीकडचा धबधबा कसा वाटला, तर तुम्ही म्हणालात, "कुठला धबधबा?"

म्हणून या वेळी ऐका माझं. सकाळी वरच्या डेकवर जा. खुर्ची ओढा. बसा. कोणी काही मागितलं तर ऐकू येत नाही असं दाखवा. चादर त्या गृहस्थांना नीट करू द्या, त्यांचंही पोट आहे. मास्तर वाऱ्यांविषयी बोलतात तर बोलू द्या. निदान ते तुमच्याशी बोलतात.

आणि त्या 'काय' म्हणणाऱ्या बाईला शिकवायला जाऊ नका. मी तुम्हाला ओळखते.

तुमची,
वहिनी


बोटीवरून, १४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

शिकवायला गेले नाही. ती बाईच गेली.

झालं असं, की बिचारीची दाढ दुखत होती. म्हणून ती तसं तुटक बोलायची. दुसऱ्या बंदरापर्यंत तिचा गाल इतका सुजला की डॉक्टरांनी तिला तिथेच उतरवून हॉस्पिटलात पाठवलं. तिच्या जागी कचेरीतला एक कारकून बसवला. माणूस सज्जन, पण बोर्डाला असा घाबरलेला की जणू तो चावणार आहे. एका सकाळी त्याने काय काय केलं सांगू? विणकामवाल्या बहिणींनी दोन ऑम्लेट मागवली ती डॉक्टरांकडे. बावीस नंबरच्या बाईंनी पोटदुखीची सगळी हकिगत सांगितली ती स्वयंपाकघराला. आचारी पंधरा मिनिटं निमूट ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "बाई, पण खायला काय पाठवू?"

मी दाराशी उभी राहून पाहत होते. दोन मिनिटं धीर धरला. मग म्हटलं, "उठा." तो उठला. त्याने का, कशाला असं विचारलंही नाही.

वहिनी, बोर्ड लाकडी आहे. साठ खोल्यांचे साठ दिवे, आणि खाली कप्तानाची केबिन, इंजिनखाना, स्वयंपाकघर, डॉक्टर, धोबीखाना. ज्या जातीचे बोर्ड आमच्या एक्स्चेंजमधून माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेले, त्याच जातीचा. मी निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी ट्रकमध्ये भरून नेले होते. मला वाटलं होतं, माझे हात विसरले असतील. हेडफोन कानाला लावला, दिवा लागला, आणि प्लग आपोआप उचलला गेला. कुठली लाइन कुठे, हे समजायला एक तास लागला. दुसऱ्या तासाला मी कागदाकडे बघणं सोडलं.

आता सकाळी आठ ते एक आणि चार ते सात मी बसते. मधल्या वेळात कारकून बसतो, आणि त्याला मी थोडं थोडं शिकवते. कंपनीने मला वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे, खिडकी चौकोनी. भूगोल मास्तर एक्केचाळीस नंबरात असतात. रोज चारला त्यांचा दिवा लागतो. मी प्लग लावला की ते आधी विचारतात, "आहात का?" मी "आहे" म्हटलं की विचारतात, डावीकडे दिसतो तो किनारा कुठला. मी कप्तानाकडे चौकशी करून सांगते. ते त्यांच्या नकाशावर खूण करतात.

रागावू नकोस. तू सुट्टीला पाठवलंस आणि मी कामाला लागले. डेकवरची खुर्ची मी पाहिली आहे. चांगली आहे.

पाय कसा आहे?

तुझी,
वन्सं


घरून, १८ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग घड्याळवाल्यांच्या सौ.ना वाचून दाखवलं. आचाऱ्याच्या गोष्टीला त्या इतक्या हसल्या की घड्याळवाले वर बघायला आले. मग त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'उठा' म्हटल्यावर माणूस उठतो तो आवाज मला ठाऊक आहे, त्यांनी एकदा मला घड्याळाचं बिल दुरुस्त करायला लावलं होतं.

मी मुळीच रागावलेली नाही. तुमच्या या पत्रात अक्षरही निराळं आहे. एरवी तुम्ही ओळीवर ओळ कशी शिस्तीत लिहिता, इथे ओळी वर वर चढत गेल्यात. लिहिताना घाईत होता का? की बोट हलत होती?

इकडचं काय सांगू. घर आहे तिथेच आहे. मागच्या खोलीतलं मोठं कपाट खिडकीपासून हलवलं. ती खिडकी किती वर्षांनी उघडली कोण जाणे. कडी गंजली होती, तेल घालावं लागलं. आता सकाळचं ऊन थेट आत येतं. मी हल्ली तिथेच झोपते. काल गच्चीत गेले तर लिंबाच्या कुंडीत चार फुलं आलेली. दुपारी स्वयंपाक न करता नुसते पाव आणि टोमॅटो खाल्ले, उभ्या उभ्या, ओट्याशी. आपलं घर इतकं मोठं आहे हे मला आत्ता कळलं.

तुम्ही मजेत आहात, मी मजेत आहे. पायाची काळजी नको.

तुमची,
वहिनी


बोटीवरून, २३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी इकडे काय घडलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

परवा सकाळी धुकं आलं. असं, की डेकवर उभं राहिलं तर आपला हात कठड्यावर आहे की नाही ते चाचपून पाहावं लागावं. कप्तानाने बोट थांबवली. इंजिनाची घरघर थांबली आणि नव्वद माणसांना एकदम कळलं की आपण घरघर ऐकत होतो. पाठोपाठ भोंगा. मग काय, बोर्डावर दिवाळखोराच्या दुकानावर गर्दी व्हावी तसे दिवे लागले. पन्नास दिवे एका वेळी! सगळ्यांना एकच विचारायचं होतं. मी प्रत्येकाला तेच सांगत होते, की बोट ठीक आहे, धुकं आहे, धुकं गेलं की निघू, तुमच्याकडे चहा पाठवू का? चहा म्हटलं की माणूस खाली बसतो. हे मी बोर्डावर बसून शिकलेली सगळ्यात मोठी विद्या.

तेवढ्यात एक्केचाळीसचा दिवा लागला. घड्याळात सव्वा अकरा झाले होते. मास्तर सकाळी कधी फोन करत नाहीत. मी प्लग लावला आणि वाट पाहिली. 'आहात का' आलंच नाही. मी म्हटलं, "मास्तर, मी आहे." तरी काही नाही. नुसता श्वास, तोही रिसीव्हरपासून लांब, आणि टेबलावर काहीतरी बारीक आपटत असल्यासारखा आवाज. शेजारी अठ्ठेचाळीस दिवे लकलकत होते. कारकून म्हणाला, लाइन मोकळी करा, कोणी चुकून उचलला असेल. मी त्याला म्हटलं, लाइन सोडायची नाही. दुसऱ्या प्लगने डॉक्टरांना गाठलं आणि सांगितलं, "एक्केचाळीसमध्ये जा. आत्ता. दार बंद असलं तर फोडा."

डॉक्टर पोचेपर्यंत मी मास्तरांशी बोलत राहिले. काय बोलले असेन? डावीकडचा किनारा. धुक्यात काही दिसत नव्हतं, म्हणून मी मनानेच सांगितला. एक टेकडी, तिच्यावर पांढरी घरं, खाली होड्या. दार उघडल्याचं मला ऐकू आलं, मग डॉक्टरांचा आवाज, मग कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला.

त्यांची साखर एकदम उतरली होती. धुक्याच्या गडबडीत न्याहारी राहिली आणि औषध मात्र घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं. आता बरे आहेत. काल चारला दिवा लागला. "आहात का?" म्हणाले. मी "आहे" म्हटलं आणि त्यांनी विचारायच्या आत डावीकडचा किनारा सांगितला.

संध्याकाळी कप्तानाने बोलावलं. ती दाढवाली बाई परत येणार नाही. तिने घरी राहायचं ठरवलंय. हंगाम मार्चअखेरपर्यंत आहे. त्याने विचारलं, तुम्ही राहाल का? पगार, खोली, सगळं रीतसर. मी म्हटलं, माझं वय सहासष्ट. तो म्हणाला, बोटीचं वय त्रेपन्न, तिच्या जातीत ते तुमच्यापेक्षा जास्त आहे.

मी नाही म्हणून सांगितलं. तुझा पाय मोडलेला आहे. प्लास्टर निघालं तरी महिना दोन महिने कोणीतरी हाताशी लागेल, आणि माझ्याशिवाय कोण आहे? याच्यात वाईट वाटायचं काही नाही. बोर्ड एवढे दिवस मिळाला हेच खूप झालं.

आता तुझ्या पत्राचं. कपाट कोणी हलवलं? घड्याळवाल्यांनी? गच्चीत कशी गेलीस? प्लास्टरवर भार द्यायचा नाही हे मी तुला सांगावं का? आणि दुसरं, ते लिहू की नको असं झालं आहे. माझ्या माघारी घर मोठं झालं असं तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरंच लिहिलं असशील. एक माणूस कमी झालं की जागा होतेच.

तुझी,
वन्सं


घरून, २६ ऑक्टोबर, तातडीच्या टपालाने

वन्सं,

हे पत्र वाचताना खाली बसा. रागवायचं ते शेवटी एकदम रागवा, मध्ये वाचणं सोडू नका.

माझा पाय मोडलेला नाही. मुरगळलेलाही नाही. मी जिन्यावरून घसरलेच नव्हते.

त्या दिवशी तुम्ही बॅगा भरत होता तेव्हा मी हॉस्पिटलात गेले. प्लास्टर रूममध्ये आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आहे. तिला म्हटलं, मला अर्धा तास खोली दे. कापूस लावला, पट्ट्या भिजवल्या आणि माझं प्लास्टर मीच घातलं. सुरेख झालं होतं. तुम्ही तिकडे आगगाडीत बसलात आणि मी इकडे घरी मोठ्या कात्रीने ते कापून काढलं. कपाट मी हलवलं. गच्चीत मी माझ्या दोन धड पायांनी गेले.

का केलं, तर त्याची दोन कारणं आहेत. पहिलं सांगायला सोपं आहे. आपण दोघी गेलो असतो तर तुम्ही सुट्टीवर गेलाच नसता. माझ्या सुट्टीवर आला असता. निवृत्त झाल्यापासून तुम्ही खिडकीशी बसता आणि मी हाक मारली की उठता. मला वाटलं, हाक मारणारंच कोणी नसलं तर या बाई काय करतील ते पाहावं.

दुसरं कारण सांगायला अवघड आहे. मला घरात एकटीने राहायचं होतं.

मी या घरात आले तेव्हा सासूबाई होत्या, तुम्ही होता, हे होते. मग मूल झालं. मग माणसं एकेक कमी होत गेली, पण चौतीस वर्षांत घर माझ्या एकटीचं असं एक रात्रही झालं नाही. मला काही मोठं करायचं नव्हतं. कपाट हलवायचं होतं, कोणाला न विचारता. उभ्याने जेवायचं होतं. बाथरूमचं दार उघडं टाकून गाणं म्हणायचं होतं. एवढंच. पण हे मी तुम्हाला कसं सांगणार? 'वन्सं, तुम्ही महिनाभर कुठेतरी जा' असं म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी कायमच्या गेला असता. मी तुम्हाला ओळखते.

म्हणून पाय मोडला. आणि आता त्याच पायासाठी तुम्ही कप्तानाला नाही म्हणून आलात. हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तुमच्या ओळी वर चढत गेल्या होत्या, वन्सं. त्या मी खाली ओढल्या असं व्हायला नको. त्याला जाऊन हो म्हणा. माझ्यावर रागावून का होईना, पण हो म्हणा.

तुमची,
वहिनी


बोटीवरून, ३० ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. कप्तानाला हो म्हटलं आहे.

बोट चार तारखेला सकाळी जिथून निघालो त्याच बंदरात परत येते आणि पाचला नवे प्रवासी घेऊन सुटते. मला घरी येऊन जायला वेळ नाही. माझे दोन लोकरी स्वेटर, जाड मोजे आणि दुसरा चष्मा एवढं आणून दे. चष्मा खणात डावीकडे.

बाकी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

वन्सं


घरून, ६ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

पोचले. आगगाडीत जागा खिडकीची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने आठ तासांचा प्रवास केला, येताना आणि जातानाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. तुम्ही विचारलंही नाहीत. विचारायचा दिवस नव्हता तो.

आपण काल दोन तास समोरासमोर होतो आणि स्वेटरविषयी बोललो. करड्याची बाही उसवली आहे का, हिरवा आणला असता तर बरं, मोजे तीन जोड आहेत की चार. चहा चांगला होता. माझ्या पायाकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत, इतकं न पाहण्यासाठीसुद्धा मेहनत पडत असणार. मग घंटा झाली, भेटायला आलेल्यांनी उतरा म्हणून, आणि मी उतरले. जे बोलायचं होतं ते घेऊन गेले होते तसंच परत आणलं. म्हणून आता लिहिते.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगते. तुम्ही वळून मला पाहिलंत त्याच्या आधी पाव तास मी दारात उभी होते. त्या कारकुनाने मला आणून सोडलं होतं आणि मी त्याला हाताने गप्प राहा म्हटलं. तुमची पाठ माझ्याकडे होती. हेडफोन लावलेला, बाह्या दुमडलेल्या. कोणी एक बाई तुमच्याशी बोलत होती, खोली बदलून मागत असावी. तुम्ही तिला काहीतरी सांगितलंत आणि हसलात. मी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोण हसलं म्हणून. चौतीस वर्षं मी तुमच्याबरोबर राहते, वन्सं. घरी तुम्ही तोंडावर हात धरून हसता, तेही कोणी पाहत नाही ना बघून. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तुमचा हात दिव्यांकडे न बघता जात होता. मला एकदम लाज वाटली, की मी या बाईकडून इतकी वर्षं चष्मा शोधून घेतला.

आता एकटीने राहण्याचं. पहिले आठ दहा दिवस खरंच मेजवानी होती, खोटं बोलणार नाही. मग एका सकाळी मी बाजारात निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "मी येते हो जाऊन." आतून 'पिशवी घेतलीस का' आलं नाही. मी पिशवी घेतली नव्हती. भाजी पदरात आणली. त्या दिवसापासून मी रोज मोठ्याने सांगून निघते आणि मग स्वतःच स्वतःला पिशवीचं विचारते. घड्याळवाल्यांच्या सौ.ना वाटतंय माझं काहीतरी बिघडलं.

तुम्ही लिहिलंत, एक माणूस कमी झालं की जागा होते. होते, खरं आहे. पण त्या जागेत काय ठेवायचं ते मला सुचेना.

मी यावर बराच विचार केला. मी या घरात आले तेव्हा तुम्ही इथे होताच. तुमचं माहेर ते. मला कोणी विचारलं नाही, नणंद चालेल का. तुम्हालाही कोणी विचारलं नाही, वहिनी चालेल का. मग सासूबाई गेल्या, हे गेले, चिरंजीव दूर गेला आणि आपण दोघी उरलो. उरलो म्हणून राहिलो. चांगल्या राहिलो, पण म्हणायचं राहूनच गेलं. मला एकटीने राहायचं होतं, ते राहून झालं. आता मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. हे मी याआधी कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही कुठे गेलाच नव्हता.

तर हंगाम पुरा करा. मार्चअखेरपर्यंत एक दिवसही आधी येऊ नका. मी दार उघडणार नाही. पण तो संपला की घरी या. तुम्हाला दुसरीकडे जागा नाही म्हणून नव्हे. मी बोलावते आहे म्हणून या.

तुमची,
वहिनी


बोटीवरून, १७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र बंदराच्या कचेरीत चार दिवस माझी वाट पाहत होतं. वारा उलटा होता, आम्ही उशिरा पोचलो.

मी रागावले होते. अजून थोडी आहे. प्लास्टरचा राग आठवडाभरात गेला. खरं सांगायचं तर परवा बोर्डावर बसल्या बसल्या मला तू भिजलेल्या पट्ट्या स्वतःच्या पायाला गुंडाळताना दिसलीस आणि मी अशी हसले की कारकून घाबरला. राहिला तो राग तुझ्यावर नाही. चौतीस वर्षं एका घरात राहून तुला एक कपाट हलवायचं होतं आणि ते मला कळलं नाही, त्याचा आहे. लोकांच्या श्वासावरून मी ओळखते कोणाला काय झालंय. तुझ्या बाबतीत कान कुठे गेले होते?

तू दारात उभी होतीस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर हसले नसते, हेही खरं. तेव्हा बरं झालं सांगितलं नाहीस.

इकडे सगळं ठीक. भूगोल मास्तर चार तारखेला उतरले. उतरताना बोर्डाच्या खोलीत आले आणि म्हणाले की त्या दिवशीच्या धुक्यातली टेकडी त्यांनी नकाशावर लावली आहे, तिथे तशी टेकडी नाही, पण असायला हरकत नाही. नवे प्रवासी जरा खटपटे आहेत. एकजण रोज कप्तानाला थेट फोन जोडून मागतो. मी त्याला रोज चहा पाठवते.

आता मुख्य. काल कप्तानाने विचारलं, पुढच्या वर्षाचंही ठरवून टाकायचं का, मधल्या उन्हाळ्यात कंपनी तुम्हाला बंदरावर खोली देईल, तुम्हाला तरी घरी जायची काय घाई? मी म्हटलं, पुढच्या हंगामाचं तेव्हा बघू, पण उन्हाळ्यात मी घरी जाणार. त्याने विचारलं, घरी कोण असतं?

वहिनी, हा प्रश्न मला जन्मभर विचारत आलेत. एक्स्चेंजमध्ये, बँकेत, दवाखान्याच्या फॉर्मवर. मी नेहमी सांगत आले, भावाचं घर आहे, तिथे असते. भाऊ गेल्यावरही तेच सांगत आले. काल तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझी वहिनी असते. तिने बोलावलंय."

त्याला ते साधंच वाटलं असणार. मान हलवली आणि गेला. मला मात्र दोन दिवे लागलेले असताना थोडा वेळ कोणालाच जोडता आलं नाही.

एक एप्रिलला येते. दुपारच्या गाडीने.

तुझी,
वन्सं